डाळ किती घालता हो?

"अगो, ऐकलंस का? पलीकडच्यांची ती पुण्याहून आलेली सून पनीर काट्यावर मोजून खाते!"

काकू गडग्यापाशी आल्या की आधी हात कमरेवर जातात आणि मग बातमी बाहेर पडते. आमच्या दोन घरांमधला हा जांभ्याचा गडगा जेमतेम कमरेएवढा. गुरं अडतात, गप्पा अडत नाहीत. श्रावणातली दुपारची उघडीप होती. मी पडवळाच्या वेलाखालचं तण काढत होते, ते तसंच टाकलं.

"मोजून म्हणजे?"

"म्हणजे सोनारासारखं! छोटा काटाच आणलाय तिनं बरोबर. ५० ग्रॅम पनीर, ३० ग्रॅम फुटाणे, सगळं आधी मोबाइलात लिहायचं आणि मग तोंडात घालायचं. सासू म्हणाली मला, आमच्याकडे पोटाचा हिशोब आजवर कुणी ठेवला नव्हता."

"तांदळाचा ठेवत होते की. कोठीच्या खोलीत मापटं होतं त्यांच्याकडे."

"ते तांदूळ सरू नयेत म्हणून. ही मोजते ते आपल्याला कमी पडू नये म्हणून. चांगल्या घरातल्या बाईला खायचं काय कमी पडणारे?"

ह्या सुनेशी माझं एसटीची वाट बघताना बोलणं झालं होतं, त्यामुळे तिची बाजू मला ठाऊक होती. गप्पांमध्ये दुसऱ्याची बाजू ठाऊक असणं फार गैरसोयीचं; बातमीचा रंगच जातो. तरी सांगून टाकलं. तिचा हिशोब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. २०२० सालच्या त्यांच्या शिफारशीत मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. ज्यांचं पोट मुख्यतः भात-भाकरीवर भरतं, त्यांनी किलोमागे सरळ एक ग्रॅम धरावा, कारण नुसत्या धान्यातलं प्रोटीन अंगी लागायला कमी पडतं.

"म्हणजे मला ५० ग्रॅम," काकू म्हणाल्या. "एवढी डाळ जातेच की पोटात."

"५० ग्रॅम डाळ नव्हे हो, डाळीतलं प्रोटीन. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत ते २२ ग्रॅमच्या आसपास. तुम्ही वरणाला डाळ किती घालता?"

"मूठभर."

"किती माणसांत?"

"आम्ही चौघं. शिवाय देवाचा नैवेद्य."

"मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरली तर..."

"माणशी पावणेतीन!" पडवीतून अप्पांचा आवाज आला. अप्पा गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बेरीज-भागाकार कानावर पडला की वामकुक्षीतूनही उठतात. "नैवेद्य धरला तर आणखी कमी."

"नैवेद्य शेवटी तुम्हीच खाता. तो नका धरू," काकूंनी त्यांना जागच्या जागी बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. "पावणेतीन? अगो, रोज वरण-भात खाणारी माणसं आम्ही!"

मग आम्ही त्यांचा अख्खा दिवस मांडला. सकाळी पोहे. दुपारी भात, वरण, एखादी भाजी, एक पोळी, पातळ ताक. चारला चहा आणि टोस्ट. रात्री मऊभात, मेतकूट, पुन्हा तेच वरण. अप्पा पडवीतूनच आकडे जुळवत होते. तांदूळ शंभराला सात-आठ ग्रॅम, गव्हाचं पीठ दहा-अकरा, चहातलं दूध, ताकातलं दही. ओढूनताणून बेरीज तिसाच्या थोडी पुढे गेली.

"बदाम राहिले की!" काकूंना आठवलं. "लेकीनं मुंबईहून आणलेत. रोज पाच भिजवून खाते, सालं काढून."

"पाच बदामांत एक ग्रॅमच्या जरा वर."

"एवढ्यासाठी मी सालं सोलत बसते? आणि शेंगदाण्यात?"

"मूठभर दाण्यांत सहा-सात ग्रॅम."

काकू काही बोलल्या नाहीत. बदामांचा भाव त्या मनात दाण्यांच्या भावाशी ताडून बघत असाव्यात. माझं मत विचाराल तर बदाम चवीला खावेत, पाहुण्यांना द्यावेत, खिरीवर घालावेत. प्रोटीनसाठी ते खाणं हा निव्वळ श्रीमंती गैरसमज आहे.

एवढ्यात अप्पा चपला सरकवत गडग्यापाशीच आले. हे प्रोटीनचं खूळ नवं नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी जगाला असंच घाबरवलं होतं म्हणे. प्रोटीनचं संकट येऊ घातलंय, गरीब देशांनी काहीतरी करावं. मग कुठे माशांचं पीठ काढ, कुठे पेट्रोलियमवर यीस्ट वाढव, असे उद्योग चालले होते.

"पेट्रोलियमवर? आणि ते खायचं?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

"तेव्हा आपला एक साताऱ्याकडचा माणूस उभा राहिला. बुध गावचे, पां. वा. सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ. रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या हुद्द्यावर होते, नंतर पुण्याला येऊन राहिले. त्यांनी आकडेच मांडले. भारतात ज्याला प्रोटीन कमी पडतं, त्याला मुळात जेवणच कमी पडतं. सरपण नसलं की माणूस घरातली फळी जाळतो ना, तसं पोट रिकामं असलं की शरीर असलेलं प्रोटीनही जाळून टाकतं. नेहमीचं धान्य आणि डाळ पोटभर मिळू दे, बाकी आपसूक होतं. १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मॅक्लॅरेन नावाच्या डॉक्टरानं तर ह्या सगळ्या प्रकाराला प्रोटीनचा महाफज्जा म्हटलं."

"बघ! म्हणजे ती सून उगाच मोजते," काकू खूष झाल्या.

अप्पांशी वाद घालताना आकड्यांनीच घालावा लागतो. मी विचारलं, सुखात्म्यांच्या हिशोबातला माणूस पोटभर म्हणजे किती खात होता? तुमच्या वडिलांच्या वेळचे नांगरणीचे गडी आठवा.

काकूंनीच उत्तर दिलं. सासूबाई पहाटे उठून नाचणीच्या भाकऱ्यांची चवड लावायच्या. एकेक गडी तीन-तीन भाकऱ्या खाऊन पुन्हा दुपारी भाताचा डोंगर उपसायचा. सबंध दिवसात अर्धा किलो धान्य सहज.

"अर्धा किलो धान्य म्हणजे त्यातूनच पस्तीसेक ग्रॅम प्रोटीन आलं. वर कुळथाची पिठी, कधी चवळी, कधी वाल. त्यांचं भागत होतं. तुम्ही किती खाता? मीही किती खाते? दीडशे-दोनशे ग्रॅम धान्य. गुडघे दुखतात, वजन वाढतं, साखर वाढते म्हणून आपण भात कमी केला, पोळ्या कमी केल्या. ते बरंच केलं. पण त्याबरोबर वरणही कमी केलं. खरं तर भात अर्धा झाला तेव्हाच डाळीची मूठ दुप्पट व्हायला हवी होती."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मास्तर लोक असं करतात तेव्हा मुद्दा मान्य असतो, पण मान्य म्हणायचं नसतं.

"आणि उतारवयात भूक कमी होते, गरज नाही होत," मी पुढे रेटलं. "साठी-पासष्टीनंतर तर बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हातारपणी शरीर त्यातून स्नायू बांधायला कुचराई करतं म्हणून. आपल्याकडे नेमकं उलट. म्हातारं माणूस म्हटलं की मऊभात आणि पातळ सार."

"पातळावरून आठवलं." काकूंचा सूर बदलला. आता खरी गोष्ट येणार हे मी ओळखलं. "आमच्या सासूबाई आमटी ढवळून कधी वाढायच्या नाहीत. ह्यांना आणि भावोजींना डाव तळापासून. आम्हा बायकांची पंगत बसेपर्यंत पातेल्यात राहायचं पिवळं पाणी आणि दोन कढीपत्त्याची पानं. पाहुणा आला की त्यात तांब्याभर पाणी आणखी. डाळंतपणातसुद्धा... काय म्हणत्ये मी, बाळंतपणातसुद्धा डिंकाचे लाडू मिळाले, पण डाळ तीच."

"आई तशी नव्हती," अप्पा पुटपुटले.

"तुम्हाला तळ मिळत होता, तुम्हाला काय माहीत!"

ह्यावर अप्पा पुन्हा पडवीकडे निघाले. मला मात्र काकूंचं हे बोलणं त्यांच्या सगळ्या गाऱ्हाण्यांत सर्वात खरं वाटलं. गावातल्या बायकांचे कमरेचे, हाडांचे, थकव्याचे जेवढे किस्से ह्या गडग्यावर येतात, त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात शेवटच्या पंगतीला होत असावी.

तेवढ्यात खालच्या अंगाच्या वहिनी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांच्याकडे एरवी आठवड्यातून तीन दिवस मासळी असते, पण श्रावणात बंद. "बांगडा बंद झाला नि घरात बोंब," त्या म्हणाल्या. "धाकट्याला रोज शेकरमध्ये पावडर लागते. जिममधल्या पोरानं सांगितलंन. डब्याची किंमत विचारू नका, गॅसचा सिलिंडर स्वस्त."

"ती पावडर असते कशाची?" काकूंनी विचारलं.

हे मला ठाऊक होतं. चीज करताना दूध फाटवून घट्ट भाग काढला की जे पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन वाळवून ती करतात. आपण पनीर केलं की उरतं तसलंच पाणी, चक्का बांधला की गळतं तसलंच.

"अगोबाई, ते तर मी कढीपत्त्याला घालते! म्हणून फोफावलाय होय."

"पण त्यात हे असतं फार थोडं. लिटरमागे सात-आठ ग्रॅम. पावडरीच्या एका चमच्याचे २४ ग्रॅम म्हणजे तीन लिटर पाणी. त्यापेक्षा त्याच पाण्यात कणीक मळा, आमटीला घाला. आणि चक्का खा."

पावडर विष आहे असं मी म्हटलं नाही, तशी ती नाहीच. भूक मेलेल्या आजारी माणसाला डॉक्टर सांगतात तेव्हा तिचा उपयोग होतो. पण तेवीस वर्षांचा, रोज दोन ताटं जेवणारा मुलगा, त्याच्या आईच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ समोर असताना, परातभर पैसे त्या डब्यात घालतो हे मला पटत नाही. वहिनींना म्हटलं, उसळ वाटीतून द्या, चमच्यातून नको. ५० ग्रॅम कोरडे वाटाणे एकट्याला. दोन अंडी उकडून दिलीत तर बारा ग्रॅम झालेच.

"श्रावणात अंडं?"

"मग श्रावणानंतर. तोवर सोया वड्या द्या. २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत तेरा ग्रॅम."

काकूंनी तोंड वाकडं केलं. "त्या वड्या? चव ना ढव!" त्यांचा भाचा लातूरला बँकेत आहे, त्याच्याकडे त्या एकदा राहून आल्यात. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन बघितलं त्यांनी, नजर पोचेल तिथवर. "आणि जेवायला बसलो तर वरण तुरीचंच. मी विचारलं, हे एवढं पिकतं त्याचं काय करता? म्हणाला, विकतो."

तिथल्या शेतकऱ्याचं चुकतं असं नाही. सोयाबीन हे त्याचं पैशाचं पीक. त्यातून शंभर किलोला अठराएक किलो तेल निघतं आणि राहिलेली पेंड, जिच्यात सगळं प्रोटीन असतं, ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या साऱ्या कडधान्यांत सर्वात जास्त, शंभरात ३६ ग्रॅमच्या वर प्रोटीन असलेला दाणा मराठवाड्यात, विदर्भात डोळ्यांसमोर पिकतो आणि माणूस सोडून कोंबडी खाते. त्याला उग्र वास आहे, कच्चं पचत नाही, नीट शिजवावं-भाजावंच लागतं, हे खरं. पण दळणाला नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन घातलं तर पोळीत कुणाला कळतही नाही. आमच्याकडे कळलं नाही. सांगितल्यावर मात्र सगळ्यांना वास यायला लागला.

"मला वाल खाल्ले तरी पोट डब्ब होतं," काकूंनी खरी अडचण मांडली. "उसळी खा म्हणणाऱ्यांना काय, रात्री त्यांना झोप लागते."

ह्यावर वहिनींनीच उपाय सांगितला. रात्रभर भिजत घालायचं, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात शिजवायचं, हिंग-ओवा सढळ हातानं. एकदम वाडगाभर खायचं नाही. मूग, मसूर हलके, तिथून सुरुवात करायची. "आणि मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं," त्या म्हणाल्या.

ते मात्र होत नाही. दाणा पाणी पितो म्हणून वजन वाढतं, आतलं प्रोटीन होतं तेवढंच राहतं. मोडांनी पचायला सोपं होतं, क जीवनसत्त्व येतं, एवढा फायदा पुष्कळ झाला.

कुळीथ निघाला तेव्हा काकूंचा चेहरा उजळला. त्यांच्या हातची पिठी वाडीत प्रसिद्ध आहे आणि तिच्याबद्दल काही वावगं बोललेलं त्यांना खपत नाही. पण हिशोब म्हणजे हिशोब. कुळथात २२ टक्के असलं तरी चौघांच्या पिठीला पीठ पडतं तीन चमचे. तीच घट्ट पिठल्यासारखी केली, नाहीतर डाळीच्या पिठाचं पिठलं केलं, की माणशी आठ-नऊ ग्रॅम होतात. मला आपल्या खाण्यातली वाटली डाळ आणि आंबेडाळ सगळ्यात शहाणी वाटते. निव्वळ हरभऱ्याची डाळ, वर फोडणी, बस. पण ती आपण गणपतीत नाहीतर चैत्रातल्या हळदीकुंकवाला, पानावर चमचाभर वाढतो. सणाला आठवणारी डाळ एरवी मंगळवारी करायला कोण अडवतंय? भाजणीचं थालीपीठही तसंच. त्यात धान्य आणि डाळ आधीच हात धरून बसलेली असतात. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. म्हणून वरण-भाताची जोडी.

"एकाच घासात खायला हवं का दोन्ही?"

"नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी चालतं. १९७१ साली अमेरिकेत फ्रान्सिस मूर लापे ह्या बाईंनी शाकाहारावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात प्रत्येक जेवणात जोडी जुळवा असं सांगितलं होतं. दहा वर्षांनी त्यांनीच लिहिलं की एवढं काटेकोर असायची गरज नाही."

"आमच्या वाट्याला जोडी जुळलीच आहे," काकू पडवीकडे बघून म्हणाल्या. वहिनी भाऱ्यासकट हसल्या.

उपासाचा विषय मी काढणार नव्हते, कारण काकूंचे उपास म्हणजे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि आणखी कुठला तरी गुरुवार. पण त्यांनीच विचारलं. १०० ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रोटीन नसतं. खिचडी तरते ती कुटावर. मग कूट दुप्पट करा, बरोबर दह्याची वाटी घ्या, साबुदाण्याऐवजी कधी राजगिरा. राजगिऱ्यात तेरा-चौदा टक्के असतं, भाताहून जास्त.

"कूट दुप्पट. हे आवडलं मला," काकू म्हणाल्या. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते हे असं शास्त्राला धरून असेल, याची मलाही कल्पना नव्हती.

दोन गोष्टी मी घाईघाईनं सांगून टाकल्या, कारण काकू ऐकलेलं सगळ्या वाडीला सांगतात. एक, ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांनी डाळी वाढवणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. त्यांच्या भावोजींना डाळ मोजून सांगितलीय, ती तशीच राहू दे. दुसरी, बी-१२ हे वेगळं प्रकरण. कितीही उसळ खाल्ली तरी ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे ह्यांतून येतं, आणि कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतात.

"आणि नुसतं खाऊन होत नाही," मी म्हटलं. "पाटावरून हात न टेकता उठता येतं का तुम्हाला?"

"का नाही येत?" काकूंनी तिथल्या तिथे गडग्याच्या खालच्या धोंड्यावर बसून दाखवलं. उठताना मात्र हात नकळत दगडावर गेला. "ओलं आहे हो इथे," त्या म्हणाल्या.

"रोज दहा वेळा उठबस करा. खाल्लेलं पायात जाईल. नाहीतर पोटावर जातं."

वहिनी निघाल्या. काकू जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. "म्हणजे दोन मुठी डाळ. चार वाजता टोस्टऐवजी फुटाणे. रात्री मऊभातावर दह्याची वाटी. पण वरण दाट झालं तर ह्यांना चालत नाही. भातात मुरलं पाहिजे म्हणतात."

"चालेल मला!" पडवीतून आवाज आला. "गडी नांगरणीला जाताना खायचे तसलं चालेल."

"नांगर कोण धरणारे?" काकू ओरडल्या आणि मग गडग्यावरून वाकून आवाज खाली आणला. "ते जाऊ दे. वरच्या वाडीतल्या बाईंची बदली शेवटच्या दिवशी थांबली, ते कळलं का तुला? कुणाच्या फोनवर थांबली, सांगू?"